आश्रय नको, तरतूद हवी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरात संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. रंगमंच जळाला, छप्पर कोसळलं, दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. ज्यांनी आयुष्यातला पहिला संवाद त्या रंगमंचावर म्हटला होता, अशी कितीतरी माणसं त्या सकाळी रस्त्यात उभी राहून आतला धूर बघत होती. पुनर्बांधणीसाठी सरकारने काही दिवसांतच कोट्यवधी रुपयांचा निधी जाहीर केला. शहराला धीर यायला त्या घोषणेची गरज होती आणि ती व्हायलाच हवी होती.

पण इमारत उभी राहिल्यावर तिच्यात नाटक कोण करणार, तालमीची जागा कुठून मिळणार, हौशी संघाने नेपथ्याचा आणि प्रकाशयोजनेचा खर्च कसा भागवायचा, भाडं किती असणार आणि दहा वर्षांनी विजेच्या तारा बदलायला पैसे कुठल्या खात्यातून येणार, या प्रश्नांना कुठल्याही घोषणेत जागा नसते. इमारतीचा खर्च एकदाच होतो. त्याला भूमिपूजन असतं, कोनशिला असते, फीत कापणं असतं. कलेचा खर्च दरवर्षी, दर हंगामाला, दर महिन्याला होतो. आपल्या सार्वजनिक पैशाची घडी पहिल्या खर्चासाठी बसलेली आहे, दुसऱ्यासाठी अजून बसायची आहे. स्थानिक कलांच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ मला इथे दिसतं.

राजा होता तोवर

कोल्हापूरचं हे नाट्यगृह राजर्षी शाहू महाराजांनी बांधलं. काम १९१३ मध्ये सुरू झालं आणि १९१५ मध्ये ते ‘पॅलेस थिएटर’ या नावाने उघडलं. शेजारी खासबागेचं कुस्त्यांचं मैदान त्याच काळातलं. मल्ल, गवई, चित्रकार, नट या सगळ्यांना दरबाराचा हात होता, म्हणूनच कोल्हापूर कलापूर झालं. पण दरबाराचा हात राजाच्या आयुष्याइतकाच लांब असतो. मराठी रंगभूमीला हा धडा तिच्या पहिल्याच दशकात मिळाला होता.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, ते संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या इच्छेने आणि त्यांच्या खजिन्यातून. १८५१ मध्ये अप्पासाहेब गेले आणि आधार तुटला. मग भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले आणि मराठी नाटक प्रेक्षकांच्या खिशावर उभं राहिलं. त्या तिकिटावर पुढे संगीत नाटकाचं सोन्याचं युग आलं हे खरं. पण कितीतरी कंपन्या कर्जात बुडून बंद पडल्या, हेही तेवढंच खरं.

याच इतिहासात १९२१ चा ‘संयुक्त मानापमान’ आहे. केशवराव भोसले आणि बालगंधर्व एकाच रंगमंचावर आले आणि त्या प्रयोगाचं उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेलं. देशाच्या कामाला रंगभूमीने पैसा उभा करून दिला होता. रंगभूमी समाजाकडे हात पसरते असं म्हणणाऱ्यांनी हा व्यवहार आठवावा. देणं दोन्ही बाजूंनी झालं आहे. समाजाच्या बाजूचं देणं कुठल्या वहीत, कुठल्या तारखेला लिहायचं, एवढंच ठरायचं राहिलं आहे.

सातत्याने काय साधतं

स्वातंत्र्यानंतर राजाची जागा सरकारने घेतली. सरकारने सगळंच वाईट केलं असं नाही. जिथे त्याने दरवर्षी न चुकता पैसा दिला, तिथे फार मोठी फळं आली.

पहिलं उदाहरण राज्य नाट्य स्पर्धेचं. १९५४ पासून, म्हणजे महाराष्ट्र राज्य होण्याच्या आधीपासून, ही परंपरा चालत आली आहे. ठिकठिकाणच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी, मग अंतिम फेरी. नाट्यगृह सरकारचं, परीक्षक सरकारचे, संघाच्या प्रवासाचा आणि निर्मितीचा काही भार सरकारचा. रक्कम कधीच पुरेशी नसते. पदरमोड केल्याशिवाय एकही संघ उतरत नाही. पण स्पर्धा होणार हे ठाऊक असतं. जळगावच्या, नांदेडच्या, चंद्रपूरच्या, रत्नागिरीच्या संघाला संहिता पावसाळ्यातच हातात घेता येते, कारण हिवाळ्यात पडदा वर जाईल याची खात्री असते. बँकेतला, शाळेतला, एसटीतला माणूस वर्षाची रजा त्या तारखांसाठी साठवतो. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये ‘रंगायन’ने याच स्पर्धेत केलं. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पीडीए या नाट्यसंस्थेने ‘घाशीराम कोतवाल’ केलं, तेही स्पर्धेसाठीच. जगभर गेलेल्या या दोन नाटकांना पहिलं अंगण एका सरकारी स्पर्धेने दिलं. घाशीरामसारखं सत्तेला टोचणारं नाटक सरकारी स्पर्धेत होऊ शकलं, ही गोष्ट पुढे आपल्याला पुन्हा लागणार आहे.

दुसरं उदाहरण वाईचं. १९६० मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या पुढाकाराने साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे अध्यक्ष झाले. मराठी विश्वकोशाचं काम वाईत सुरू झालं. पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसाव्या खंडाचा उत्तरार्ध २०१५ मध्ये. इतक्या काळात किती मुख्यमंत्री बदलले, किती पक्ष आले नि गेले! काम रेंगाळलं, टीका झाली, पण थांबलं नाही. दरवर्षीच्या अर्थसंकल्पात त्याच्या नावाची ओळ होती म्हणून एका छोट्या गावात मराठीतलं एवढं मोठं ज्ञानकार्य तडीला गेलं. एखाद्या मंत्र्याच्या मर्जीवर ते उभं असतं तर दुसऱ्या खंडाशीच थबकलं असतं.

पैसा येतो, पण कधी?

या दोन उदाहरणांच्या बाजूला तमाशा ठेवला की चित्र पालटतं.

तंबूच्या तमाशाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं आणि अक्षय्य तृतीया, बुद्ध पौर्णिमेच्या आसपास संपतं. पण फडमालकाचा खरा खर्च त्याआधीचा असतो. पावसाळ्यात कलावंतांना उचल द्यावी लागते, नाहीतर ते दुसऱ्या फडात जातात. ट्रक दुरुस्त करायचे, कनाती शिवायच्या, जनरेटर, पोशाख, ध्वनियंत्रणा. हा सगळा पैसा जुलै ते सप्टेंबरमध्ये लागतो आणि तो बहुतेक वेळा सावकाराकडून येतो. गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेसाठी सुपारी देतात, आणि चैत्र-वैशाखाच्या त्या कमाईतून सावकाराचं तोंड बंद करायचं असतं. एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस, दुष्काळ, निवडणुकीची आचारसंहिता किंवा साथ आली की पूर्ण वर्षाचं गणित कोसळतं.

सरकारकडे तमाशा फड, दशावतारी मंडळं, खडीगंमत, शाहिरी पथकं यांच्यासाठी भांडवली आणि प्रयोग अनुदानाच्या योजना आहेत. पण सरकारचं वर्ष एप्रिलला उजाडतं आणि मार्चला मावळतं. जाहिरात, अर्ज, छाननी, समितीची बैठक, शासन निर्णय, निधीचं वितरण, कोषागार, आणि मागच्या वर्षीचं उपयोगिता प्रमाणपत्र. ही साखळी पार करत रक्कम मार्चअखेरीला हातात पडली, तर ती फडमालकाच्या ऐन कामाच्या दिवसांत येते आणि व्याजात जाते. हीच रक्कम ऑगस्टमध्ये मिळाली असती तर सावकाराच्या दारात जावं लागलं नसतं. रक्कम तीच, पण सात महिन्यांच्या अंतराने तिची किंमत अर्ध्यावर येते. त्यामुळे अनुदानाची चर्चा निव्वळ आकड्यावर करणं अपुरं आहे. तारीख हा अनुदानाचाच भाग आहे.

आणखी एक प्रकार मानधनाचा. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५० च्या दशकापासून आहे. आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. पूर्वी राष्ट्रीय पातळीच्या कलावंताला महिना ३,१५० रुपये, राज्य पातळीच्या कलावंताला २,७०० आणि स्थानिकाला २,२५० मिळत. २०२४ पासून ही वर्गवारी गेली आणि सगळ्यांना सरसकट ५,००० रुपये झाले. ही सुधारणा चांगली आहे. गावच्या भारूडकाराला महिन्याच्या किराण्यात राष्ट्रीय नटापेक्षा कमी लागतं, हा समज एकदाचा मोडला. पण जिल्ह्यातून दरवर्षी निवडायचे कलावंत १०० आणि रांगेत उभे असलेले त्याहून कितीतरी जास्त. शिवाय हे मानधन म्हातारपणाचं आहे. अंगात जोर असताना, शिकताना आणि शिकवताना कलावंताने काय खायचं, याचं उत्तर त्यात नाही.

करोनाच्या काळात हे उघड्यावर आलं. नाट्यगृहं बंद, यात्रा बंद, लग्नसराई बंद. जागरण-गोंधळ घालणारे, बँडवाले, पडद्यामागचे कामगार, नेपथ्याचे हमाल, सगळे घरी बसले. २०२१ मध्ये सरकारने सुमारे ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी ५ हजार रुपयांची एकरकमी मदत जाहीर केली. दीड वर्षाच्या उपासाला एकदाच ५ हजार! आणि ती द्यायला बसल्यावर लक्षात आलं की कलावंतांची धड यादीच कुणाकडे नाही. ज्यांच्यासाठी कायमची तरतूद नसते त्यांची कायमची नोंदही नसते. मग संकटात मदत कुणाला द्यायची हे शोधण्यातच महिने जातात.

आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरव झालेली तमाशासम्राज्ञी. अखेरचे दिवस तिने हलाखीत काढले. २००२ मध्ये ती गेली. २००६ पासून राज्य सरकार तिच्या नावाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्काराचं मोल मी कमी करत नाही. ज्या जातीच्या, ज्या पेशाच्या बाईला गावाने वेशीबाहेर ठेवलं तिचं नाव सरकारी सन्मानावर कोरलं जाणं ही मोठी गोष्ट आहे. पण पुरस्कार एकाला मिळतो, वर्षातून एकदा, आयुष्याच्या शेवटी. फडातल्या ढोलकीवाल्याला, सोंगाड्याला, झीलकऱ्याला वर्षभर काम मिळेल अशी सोय पुरस्काराने होत नाही. तिच्या नावाने ती सोय झाली तर तो तिचा खरा गौरव ठरेल.

आपल्याच घरातले कायदे

स्थिर पैसा म्हणजे काय, हे शिकायला फार लांब जायला नको. महाराष्ट्रातच त्याचे पायंडे पडलेले आहेत.

भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये झाला, आणि तो झाला कोल्हापूर संस्थानात. वाचनालय चालवणं ही दानशूराची कृपा न राहता राज्याचं कर्तव्य व्हावं, हा विचार तिथे कायद्याच्या भाषेत उतरला. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, मद्रास प्रांताने कायदा केला आणि त्यात एक निर्णायक गोष्ट घातली, ग्रंथालय उपकर. घरपट्टीबरोबर काही पैसे वाचनालयासाठी वेगळे गोळा व्हायचे. ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाली रामामृत रंगनाथन यांनी आयुष्यभर हाच आग्रह धरला होता. कर्नाटक आणि केरळही पुढे त्या वाटेने गेले.

महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. सरकार अनुदान देईल, एवढंच आहे. परिणाम आकड्यांत दिसतो. राज्यात अनुदानित वाचनालयं ११ हजारांच्या घरात, गावागावांत पसरलेली. त्यांतल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला २०१२ पासून वर्षाला ३० हजार रुपये मिळत होते. २०२३ मध्ये ६० टक्के वाढ झाली आणि ते ४८ हजार झाले. महिना ४ हजार रुपये. त्यात ग्रंथपाल, भाडं, वीज, वर्तमानपत्रं, मासिकं आणि जमलीच तर नवी पुस्तकं. मधली ११ वर्षं महागाई थांबली नव्हती, अनुदान मात्र थांबलं होतं. उपकर असता तर घरपट्टीबरोबर तो आपोआप वाढला असता, त्यासाठी मोर्चा काढावा लागला नसता.

उपकर लावला की सगळं सुटतं असंही नाही. बेंगळुरूत महापालिकेने गोळा केलेला ग्रंथालय उपकर ग्रंथालय खात्याला वेळेवर दिला नाही, थकबाकी साचत गेली, हे तिथे वारंवार गाजलं आहे. म्हणजे पैसा गोळा करणारा एक आणि खर्च करणारा दुसरा असेल, तर तो कुठल्या तारखेला कुणाच्या खात्यात जाईल हेही कायद्यातच लिहावं लागतं.

दुसरा पायंडा आपल्या पगाराच्या पावतीवर आहे. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्याप्रमाणे दर सहा महिन्यांनी कामगाराच्या पगारातून छोटी रक्कम कापली जाते आणि मालक तिच्या तिप्पट घालतो. बरीच वर्षं हे आकडे १२ आणि ३६ रुपये होते. २०२४ मध्ये ते २५ आणि ७५ झाले. या पैशातून चालणाऱ्या कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांनी सत्तर वर्षं वाचनालयं, भजन स्पर्धा, नाट्य स्पर्धा, शिवणवर्ग आणि व्यायामशाळा चालवल्या. गिरणगावात, साखर कारखान्यांच्या वसाहतींत, औद्योगिक वसाहतींत राहणाऱ्या कितीतरी माणसांनी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला तो या स्पर्धांत. गिरण्या गेल्या, संप झाले, कंत्राटी पद्धत आली, तरी हा निधी सुरू राहिला. कारण तो कुणाच्या भाषणातून आलेला नव्हता. जून आणि डिसेंबर या दोन महिन्यांशी तो कायद्याने बांधलेला आहे. कामगाराला पोटाबरोबर मनोरंजनाचाही हक्क आहे, हे १९५३ च्या कायद्याने लिहून ठेवलं. तोच हक्क गावकऱ्याला, नगरवासीयाला का नसावा?

काम कुणाचं, पैसा कुणाचा

राज्यघटनेने हे काम कुणाचं ते सांगितलं आहे. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने दोन परिशिष्टं जोडली. पंचायतींच्या अकराव्या परिशिष्टात २९ विषय आहेत. त्यांत ग्रंथालयं आहेत, सांस्कृतिक कार्यही आहे. नगरपालिकांच्या बाराव्या परिशिष्टातल्या १८ विषयांत सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणं हा तेरावा विषय आहे. एवढंच काय, राज्यसूचीतल्या ६२व्या नोंदीप्रमाणे करमणूक कर बसवण्याचा अधिकारही पंचायती आणि नगरपालिकांच्या हातात ठेवलेला आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरघळला, तरी स्थानिक संस्थांचा हा अधिकार शाबूत राहिला. तमिळनाडूने तो लगेच वापरला. आपल्याकडे त्याची चर्चासुद्धा फारशी झाली नाही.

आपल्या महापालिका नाट्यगृहं बांधतात. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचा पाया खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते घातला गेला आणि १९६८ मध्ये ते उघडलं. ठाण्याचं गडकरी रंगायतन १९७८ चं. या वास्तू म्हणजे त्या शहरांची ओळख झाल्या. पण नाट्यगृहाचा सांभाळ महापालिकेच्या बांधकाम, विद्युत, मालमत्ता अशा खात्यांत वाटला जातो आणि एकाही खात्याला संध्याकाळी कुठला प्रयोग आहे याच्याशी देणंघेणं नसतं. वातानुकूलन बंद, स्वच्छतागृहं घाण, मेकअपच्या खोलीत आरसे फुटलेले, या तक्रारी नट जाहीरपणे करत आले आहेत. वर्षानुवर्षं डागडुजीला पैसा मिळत नाही आणि मग एक दिवस संपूर्ण वास्तूच पाडून नवी बांधायचा प्रस्ताव येतो.

महापालिकांकडे पैसा नाही, हे उत्तर नेहमीचं आहे. त्यात तथ्य आहे. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला आणि त्यांचा मोठा आधार राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर आला. पण त्या भरपाईचा कायदा नीट वाचावा. २०१७ च्या त्या कायद्याने महापालिकांना ठरलेली रक्कम दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ द्यायची आणि ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवायची असं ठरवलं. म्हणजे तारीख, रक्कम आणि वाढ या तिन्ही गोष्टी कायद्यात लिहिणं राज्याला जमतं. पाणी आणि रस्त्यांसाठी जमलं ते कलेसाठीही जमेल.

टक्का राखून ठेवण्याचीही आपल्याला सवय आहे. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामपंचायतीने १० टक्के महिला व बालकल्याणासाठी. हे टक्के नेहमी पुरे खर्च होत नाहीत हे खरं आहे. पण ते आहेत म्हणून एखादी कार्यकर्ती ग्रामसभेत उठून विचारू शकते, आमचे दहा टक्के कुठे गेले? संस्कृतीच्या बाबतीत विचारायला असा आकडाच नाही. ‘सांस्कृतिक धोरण २०१०’ आलं, २०२४ मध्ये नवं धोरण मंजूर झालं, दोन्हींत मोलाचा विचार आहे. पण धोरण मोडलं म्हणून कुणी न्यायालयात जाऊ शकत नाही. कायद्याचं तसं नसतं.

शेजारच्या गोव्याने वेगळी वाट धरली. १५ लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या त्या राज्यात मडगाव, कुडचडे, साखळी अशा ठिकाणी रवींद्र भवनं आहेत, फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे, आणि ती चालवायला दरवर्षी सरकारी अनुदान मिळतं. गावच्या जत्रेत मराठी नाटक करणारी मुलं कला अकादमीच्या स्पर्धेत उतरतात, तिथून पुढे जातात. गोव्यातही सगळं आलबेल नाही. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या कांपालच्या कला अकादमीचं नूतनीकरण चालू असताना २०२३ च्या जुलैत खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं आणि राज्यभर संताप उसळला. पण त्या संतापातच एक गोष्ट दिसली. ती वास्तू आपल्या पैशाची आहे आणि तिचा हिशेब मागणं आपला हक्क आहे, असं तिथल्या कलावंतांना वाटतं. नियमित तरतुदीने अशी मालकीची भावना तयार होते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप झाडीपट्टीचा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने रात्रभर नाटकं चालतात. वडसा हे त्या उद्योगाचं केंद्र. हजारो माणसं तिकीट काढून बसतात. नट, वादक, मंडपवाले, छापखाने, चहावाले, सगळ्यांचा संसार त्यावर चालतो. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. मग विचारतात, झाडीपट्टी सरकारशिवाय जगते तर इतरांना कुबड्या कशाला?

झाडीपट्टी जगते याचा अभिमानच वाटायला हवा. पण ती कशावर उभी आहे तेही बघावं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली तेव्हा शंकरपट थांबले आणि त्यांच्या आधाराने होणाऱ्या नाटकांनाही झळ पोचली. सगळा बाजार एका निमित्तावर टेकलेला असतो आणि ते निमित्त कलावंताच्या हातात नसतं. शिवाय तिकिटावर जे चालतं तेच बाजारात टिकतं. गोंधळ, भारूड, दंडार, कीर्तन, लळित यांना तिकीट लावता येत नाही, कारण ती गावाच्या देवाची, गावाच्या सणाची आहेत. सिंधुदुर्गातला दशावतार देवळाच्या अंगणात फुकट बघायचा असतो आणि तो तसाच राहिला पाहिजे. सार्वजनिक पैसा अशाच जागी लागतो, जिथे मोल आहे पण तिकीट नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ज्याचा पैसा त्याची मर्जी. सरकारने पैसा दिला तर कलावंताने काय बोलायचं तेही सरकार ठरवेल. ही भीती निराधार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला राज्य सरकारचा वाङ्मय पुरस्कार सरकारनेच शासन निर्णय काढून रद्द केला. तज्ज्ञांच्या समितीने निवड केली होती, तरीही. निषेध म्हणून साहित्य संस्कृती मंडळाच्या काही सदस्यांनी राजीनामे दिले. त्यांनी ताठ कण्याने योग्य तेच केलं.

पण या प्रसंगातून ‘सरकारचा पैसाच नको’ असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. पुरस्कार रद्द करता आला, कारण तो एका शासन निर्णयाने दिलेला होता आणि दुसऱ्या शासन निर्णयाने काढून घेता येत होता. मर्जीने मिळालेलं मर्जीने जातं. १९७२ मध्ये घाशीराम सरकारी स्पर्धेत होऊ शकलं, कारण स्पर्धेला नियम होते आणि परीक्षक होते. नाटक पसंत पडलं नाही म्हणून केंद्रावरची तारीख कुणी रद्द केली नाही. पैसा जेवढा नियमित, जेवढा कायद्याने बांधलेला, तेवढा कलावंत मोकळा. सत्तेच्या हातात चावी तेव्हाच असते, जेव्हा दरवर्षी नव्याने मागायला जावं लागतं.

काय करता येईल

जगात याचे नाना प्रकार करून बघितले गेले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोने १९६१ पासून हॉटेल करातला हिस्सा शहरातल्या कलासंस्थांना दिला आणि २०१८ मध्ये नागरिकांनी मतदान करून ठरावीक हिस्सा कलेसाठी बांधून घेतला. फ्रान्समध्ये रंगभूमी-चित्रपटातल्या हंगामी कलावंताने वर्षात ५०७ तास काम केलं की रिकाम्या दिवसांसाठी बेकारी भत्त्याचा हक्क मिळतो. आयर्लंडने २०२२ मध्ये २ हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षं, असा प्रयोग केला. हे जसंच्या तसं उचलायची गरज नाही. पण तिन्हींत रक्कम आणि मुदत आधी ठरलेली आहे, हे सूत्र घेण्यासारखं आहे.

आपल्या मातीत बसेल असं काही मला दिसतं. प्रत्येक महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नाचा किमान एक टक्का स्थानिक कलांसाठी राखावा आणि ही अट कायद्यात यावी. त्यातला अर्धा तरी वास्तूंवर न जाता माणसांवर आणि प्रयोगांवर जावा. रकमेचा पहिला हप्ता ऑगस्टच्या आत मिळावा, कारण फड, दशावतारी मंडळं, झाडीपट्टीच्या कंपन्या, हौशी संघ, सगळ्यांची जुळवाजुळव पावसाळ्यात होते. मंजुरी एका वर्षाची न देता तीन वर्षांची द्यावी, म्हणजे मंडळाला एखादा तरुण ढोलकीवादक महिन्याच्या पगारावर ठेवता येईल. वाटप स्थानिक मंडळाकडे असावं. त्यात कलावंत, शिक्षक, वाचनालयाचे कार्यकर्ते असावेत, त्यांची मुदत ठरलेली असावी आणि एकदा झालेली निवड सरकारला लेखी कारणाशिवाय मोडता येऊ नये. ज्या यात्रास्थळांवर, पर्यटनाच्या गावांत बाहेरचा पैसा येतो, तिथे हॉटेलांकडून छोटा सांस्कृतिक कर घ्यावा आणि तो त्याच तालुक्यातल्या कलांवर खर्च व्हावा. आणि कलावंतांची नोंद कायमची, तालुक्याच्या पातळीवर ठेवावी. कुठल्याही साथीत, पुरात, दुष्काळात ती पहिल्या आठवड्यात कामाला येईल.

हिशेबाचा काच मात्र कमी करू नये. उपयोगिता प्रमाणपत्र असावंच, पण त्याचा नमुना गावच्या मंडळाला भरता येईल असा असावा. नाहीतर सगळा पैसा कागद चोख करू शकणाऱ्या शहरी संस्थांकडे जाईल आणि ज्या कलांसाठी ही धडपड, त्या उपाशीच राहतील.

ही मागणी करायची कुठे, हेही ठरलेलं आहे. महापालिकेचं अंदाजपत्रक हिवाळ्यात आकार घेतं. प्रशासन ते मांडतं, स्थायी समिती त्यावर चर्चा करते, नगरसेवक त्यात बदल सुचवतात. पुण्यासारख्या शहरात नागरिकांकडून कामं सुचवून घेण्याची पद्धत २००६ च्या सुमारास सुरू झाली. गावात जानेवारीच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाचं बोलणं होतं. तिथे आजवर रस्ते, गटारं, दिवे यांच्यासाठी माणसं उठतात. यापुढे तमाशाच्या, भजनी मंडळाच्या, हौशी नाट्यसंघाच्या आणि वाचनालयाच्या माणसांनीही उठावं, आकडा मागावा आणि पुढच्या वर्षी त्याचा हिशेब मागावा. आपल्या गावाची कला हे गावाच्या अंदाजपत्रकातलं एक कायमचं शीर्षक आहे, हे आपण एकदा धरून चाललो की ते छापायला लावणं हे आपल्याच हातात आहे.